एकोणीस ऑगस्टची रेघ

४ जानेवारी

वहिनी,

नमस्कार तर आहेच, पण आधी कामाचं बोलतो, कारण तुम्ही माझी पत्रं शेवटून वाचता हे दादाने मला सांगून ठेवलं होतं. पैसे हवे आहेत. आता निवांत वाचा.

आपलं जुनं प्रसूतिगृह पाडायचं घाटत होतं. एकशे अठरा वर्षांची दगडी इमारत, आणि तिच्या जागी काय, तर गाड्या उभ्या करायला मैदान. निवृत्त झाल्यापासून घरात मला कोणी विचारत नाही, त्यामुळे माझ्याकडे चिडायला भरपूर वेळ असतो. मी चिडलो. आणखी सात-आठ जण चिडलेले सापडले. समिती निघाली आणि मोजणी खात्यात उभा जन्म गेला म्हणून ह्याला कागदपत्रं कळत असतील, अशा गैरसमजातून मला चिटणीस केलं. नगरपालिकेने वर्षाची मुदत दिली आहे. तेवढ्यात लोकवर्गणीतून छप्पर आणि भिंती नीट केल्या तर इमारत राहील आणि तिथे बायकामुलांचा दवाखाना निघेल. नाहीतर पाडतील.

बाळंतखोलीबाहेरच्या बोळातली लांब भिंत तुम्हाला आठवत असेल. मूल जन्मलं की नर्स तिथे जांभळ्या पेन्सिलने एक उभी रेघ मारायची, खाली तारीख, वेळ, मुलगा की मुलगी. दवाखान्याचं दप्तर वाळवीने खाल्लं, पण भिंतीवरचं एक अक्षर गेलेलं नाही. त्यावरून मला एक युक्ती सुचली (हो, मलाच). दर रविवारी दारं उघडतो. लोक येतात, आपली रेघ शोधतात, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात आणि जाताना पेटीत वर्गणी टाकतात. परवा एक जाडजूड वकील आपली रेघ सापडल्यावर अर्धा तास तिथून हलेना. शेवटी बायकोने दंडाला धरून नेलं.

चिमी तिथलीच, तेव्हा तिने काका म्हणून नाही तर निदान रेघेला जागून काहीतरी पाठवावं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

तुमचा धाकटा दीर


१५ जानेवारी

भावोजी,

पत्र शेवटूनच वाचलं.

तुम्हाला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं की ते उतू जायचं आणि तुम्ही शेजारी बसून नकाशे रंगवत असायचात. त्या तुमच्या हाती लोकांनी आख्खी इमारत दिली म्हणजे गावात माणसांची टंचाई दिसते. पण काम चांगलं काढलंत. खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मला बरं वाटलं.

चिमीचा चेक सोबत आहे. खालचं बंद पाकीट माझं. त्यातलं चिमीला सांगू नका. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते, पण मोतीबिंदू पिकायला अजून वेळ आहे असं माझं मत आहे. डॉक्टरांचं वेगळं आहे. ते पैसे फक्त भिंतीला लावा. छपराला दुसरे देतील.

मला त्या भिंतीवर एक रेघ बघायची आहे. फार वर्षं मनात आहे, पण इतक्या लांब नुसती भिंत बघायला जायचं म्हटलं की लोक काय म्हणतील, म्हणून राहून गेलं. आता तुम्ही सोय केलीत. कुठे आहे ते मला पाठ आहे, आले की मीच दाखवीन. तोवर भिंतीला ओल येऊ देऊ नका, एवढं करा.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पाकीट उघडलं आणि नोटा दोनदा मोजल्या. एवढे कशाला? ऑपरेशन करून घ्या, मी इथे भिंत सांभाळतो. पण परत पाठवत नाही, कारण तुम्ही मला ओळखता तसा मी तुम्हाला ओळखतो.

सोबत फोटो पाठवतो आहे. चिमीची रेघ. तुम्ही न सांगता शोधून काढली, दीर काही अगदीच कामातून गेलेला नाही. खिडकीच्या बरोबर खाली, 'मुलगी, सायंकाळी सहा दहा'. घ्या, झाली तुमची इच्छा पुरी.

बाकी जोरात आहे, एक गोष्ट सोडून. काही रेघांच्या डोक्यावर लहानसा गोल काढलेला आहे. मूल राहिलं नाही की नर्स तो काढायची. असे दोनशेच्या वर गोल आहेत. येणारे लोक हौसेने येतात आणि गोलांचा अर्थ कळला की त्यांचा चेहरा उतरतो. एक पोटुशी बाई तर पायरीवरूनच परत गेली. समितीत कोणी म्हणालं, गोलांवर पडदा लावू. मी म्हणालो, बघू.

आणि आमचे टायरवाले. ह्यांची पाच गावांत टायरची दुकानं आहेत. म्हणाले, आख्खं छप्पर मी देतो, मला फक्त माझी रेघ दाखवा. आई सांगायची, तुझा जन्म ह्याच दवाखान्यातला, ऑगस्टातला. वय सेहेचाळीस. तारीख कोणालाच ठाऊक नाही, शाळेत घालताना हेडमास्तरांनी मनाने लावली तीच कागदोपत्री चालत आली. त्या साली ऑगस्टात मुलग्यांच्या अकरा रेघा आहेत. दहांचे धनी येऊन फोटो काढून गेले आणि अकराव्या रेघेवर गोल आहे. दोन रविवार हा माणूस भिंतीला नाक लावून फिरला. शेवटी मला म्हणाला, "म्हणजे मी जन्मलोच नाही की काय?" हसून म्हणाला, पण मला ते हसणं बघवलं नाही. आणि छप्पर हातचं जातंय, ते वेगळंच.

तुमचा दीर


१२ फेब्रुवारी

भावोजी,

चिमीची रेघ चिमीने फ्रेम करून टीव्हीवर ठेवली. तुमचे उपकार. पण मी म्हणत होते ती ही नाही. शोधू नका आणि विचारूही नका, मी आल्यावर बघू.

गोलांबद्दल लिहिलंत. ज्यांना ते बघवत नसतील त्यांनी डोळे मिटावेत, पडदे लावायला ती काही न्हाणी नाही. गोल जसे होते तसेच आहेत ना, एवढं मात्र न विसरता कळवा.

टायरवाल्यांची मला दया आली. आई असलं काही खोटं सांगणार नाही. तुम्ही नीट शोधलं नसेल.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं म्हणणं खरं ठरलं. टायरवाल्यांची रेघ सापडली. मी नीट शोधली नव्हती, हेच खरं. मोजणी खात्याचा डोळा आहे, चुकून चुकला तरी परत जागेवर येतो. त्या माणसाला दाखवली तेव्हा त्याने आधी भिंतीला हात लावला, मग माझ्या पायाला. मी मागे सरलो, पण त्याने लावलाच. छप्पर पक्कं झालं. सुतार सोमवारपासून येतायत.

त्याच आनंदात आम्ही पत्रक छापलं, ते सोबत आहे. पहिल्याच पानावर तुम्हाला ते रेघेवर बोट ठेवून हसताना दिसतील. वीस एप्रिलला उद्‌घाटन आहे. त्या दिवशी त्यांच्या रेघेभोवती पितळी चौकट बसवायची आणि खाली त्यांचं नाव. तुम्ही यायलाच हवं, चिमीला घेऊन. घर तुमचंच आहे.

गोलांचं विचारलंत. आहेत, आहेत. काळजी करू नका.

तुमचा दीर


६ मार्च

भावोजी,

हे पत्र चिमी कामावर गेल्यावर लिहिते आहे. तिने वाचू नये असं वाटतं.

तुमचं पत्रक आलं. फोटो मी आधी साध्या डोळ्यांनी पाहिला, मग चष्म्याने, मग चिमीच्या बाबांच्या भिंगाने. टायरवाल्यांनी बोट ठेवलंय त्या रेघेच्या उजवीकडे कंदिलाची खुंटी आहे. खाली तुम्ही छापलंय, 'एकोणीस ऑगस्ट, पहाटे चार, मुलगा'.

भावोजी, ती माझी रेघ आहे. मी बघायची म्हणत होते ती.

तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, तुम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होता. चिमीच्या आधीचा. पहाटे चारला झाला. मला बोळातच खाटेवर ठेवलं होतं, खोल्या भरलेल्या होत्या. त्यामुळे नर्सने जिभेवर पेन्सिल ओली करून रेघ मारली ती मी पाहिली. दुपारी बाराला तिने वर गोल काढला, तोही पाहिला. मधले आठ तास तो माझ्याजवळ होता. मग तुमचे दादा आणि तुम्ही त्याला घेऊन गेलात. कपड्यात गुंडाळलेला. चेहरा झाकलेला होता. मला म्हणाले, बघू नकोस, आणि मी बघितलं नाही. घरी परत कोणी विषय काढला नाही. मीही नाही.

आता ऐका, आणि मला वेड लागलं असं म्हणू नका. फोटोत त्या रेघेवर गोल नाही. मी भिंगाने खूप बघितलं. गोल नाहीच. आणि एक माणूस, नेमका सेहेचाळीस वर्षांचा, नेमका ऑगस्टातला, त्याची आई सांगायची इथलाच, त्याला आपली तारीख माहीत नाही, आणि त्याची रेघ कुठे सापडत नाही. तुम्हीच लिहिलंत, गोल होते तसे आहेत. मग ह्याच्यावर नाही तर कधी नव्हताच का? मी चुकीचं पाहिलं का? बाळंतपणात मला ताप होता. नर्सने गोल शेजारच्या रेघेवर काढला असेल. असं झालेलं ऐकलंय हो, मुलं बदललेली. मी चेहरा पाहिलाच नव्हता.

आणि त्याचं कपाळ बघा. कानाची पाळी बघा. तुमच्या दादांचे तरुणपणीचे फोटो तुमच्याकडे आहेत, शेजारी ठेवून बघा.

मला त्याच्याकडून काही नको. त्याची आई जी होती ती होती, तिनेच वाढवलं. मला फक्त एकदा समोर बसून बघायचं आहे. तो नको म्हणाला तर मी परत येईन. पण तुम्ही त्या दिवशी दादांबरोबर होता. तुम्ही चेहरा पाहिला असेल, नाहीतर दादा कधीतरी बोलले असतील. जे माहीत आहे ते कळवा. लवकर कळवा.

वहिनी


१७ मार्च

भावोजी,

पत्र आलं नाही. आजारी नाही ना?

मी तिकीट काढलं. टायरवाल्यांनाही एक पत्र लिहून ठेवलंय, पाकिटावर पत्ता पत्रकातला घातला. तुमचं उत्तर आल्याशिवाय पेटीत टाकणार नाही. पण रोज टाकावंसं वाटतं. काल सकाळी पोस्टापर्यंत जाऊन आले.

त्याच्या पोरांसाठी काही आणू का? त्याला मुलं किती आहेत, ते तरी लिहा.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

ते पत्र टाकू नका. टाकलं असेल तर टायरवाल्यांकडे जाऊन मी ते न उघडता मागून घेईन.

तो तुमचा मुलगा नाही. तुमचा मुलगा त्या दिवशी गेला. मी चेहरा पाहिला होता.

सहा तारखेचं तुमचं पत्र मला दहाला मिळालं. वाचून झाल्याबरोबर सगळं कळलं, आणि तरी दहा दिवस मी उत्तर दिलं नाही. चार पत्रं लिहून फाडली. एकात लिहिलं होतं, गोल ओलीने गेला असेल. एकात लिहिलं होतं, टायरवाल्यांची दुसरी रेघ आता सापडली आहे. म्हणजे सगळं उघडं पडल्यावरसुद्धा मी सुटायची वाट शोधत होतो. काल तुमचं पत्र आलं, त्यात तुम्ही पोरांसाठी काय आणू विचारलंत. ते वाचल्यावर मला ह्या खोलीत बसवेना.

गोल मी काढून टाकला. टायरवाल्यांना रेघ मिळत नव्हती आणि छप्पर जात होतं. त्या ऑगस्टात एकच रेघ उरलेली होती, गोलाची. मी मनाशी म्हणालो, सेहेचाळीस वर्षांत हिला विचारायला कोणी आलेलं नाही, आता कोण येणार. समितीला सांगितलं नाही. मंगळवारी दुपारी एकटाच गेलो. खात्यात नकाशावर चुकलेली रेघ आम्ही ब्लेडने खरवडून काढायचो आणि वरून नखाने घासून गुळगुळीत करायचो, की वरिष्ठांनासुद्धा ओळखू यायचं नाही. तसंच केलं. चुना आहे, कागदापेक्षा सोपा गेला. वरून थोडी धूळ चोळली. पाच मिनिटं लागली नाहीत. झाल्यावर मी दोन पावलं मागे येऊन बघितलं आणि हात अजून चालतो म्हणून स्वतःवर खूश झालो. हेही लिहितो आहे, कारण हे लपवलं तर बाकीचं सांगून काही उपयोग नाही.

ब्लेड लावायच्या आधी मी ती तारीख वाचली होती. मोठ्याने वाचली, सवयीने. एकोणीस ऑगस्ट. मला काहीही आठवलं नाही. वहिनी, मला सगळ्यात लाज ह्याची वाटते. खोटेपणाची वाटतेच, पण मी त्या दिवशी दादाबरोबर गेलो होतो. खड्डा मी खणला होता. दादाच्या हातात मूल होतं, म्हणून फावडं माझ्याकडे. आणि ती तारीख माझ्या तोंडून बाहेर पडली आणि मी ब्लेड काढलं.

तुम्ही पहिल्यापासून सांगत होता, एक रेघ बघायची आहे. मी चिमीची पाठवून मोकळा झालो. गोलांचं तुम्ही विचारलंत तोवर माझं ब्लेड चालवून झालं होतं, आणि आहेत आहेत म्हणून लिहून टाकलं. तुमच्या डोळ्यांचे पैसे त्याच भिंतीत आहेत.

कपाळाचं म्हणाल, तर मी फोटो शेजारी ठेवून पाहिले. टक्कल पडलेल्या माणसांची कपाळं सारखीच दिसतात. ते दादासारखे दिसत नाहीत.

क्षमा मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. काय करू ते सांगा. सांगाल ते करीन.

दीर


२ एप्रिल

भावोजी,

पत्र टाकलं नव्हतं. फाडलं.

एक तारखेला पत्रक आलं आणि चोवीसला तुमचं पत्र. चोवीस दिवस मला मुलगा होता. ह्या दिवसांत मी काय काय केलं ते तुम्हाला कळायला हवं. मी रात्रंदिवस त्याचं वय मोजत होते, ह्या वर्षी तो शाळेत गेला असेल, ह्या वर्षी लग्न. बाजारात सेहेचाळीसच्या माणसांकडे बघत उभी राहत होते. चिमी विचारायची, आई, तू हसतेस कशाला. आणि तुमच्या दादांच्या फोटोला मी रोज बोल लावला. म्हणाले, तुम्ही मला फसवलंत, जिवंत मूल कोणाला देऊन आलात. गेलेल्या माणसाला मी हे म्हणाले. आता त्यांची माफी मला मागायची आहे, आणि ती वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

तुमच्यावर मी ओरडणार होते. लिहायला बसले आणि तुमचं पत्र परत वाचलं. तुम्ही सतरा वर्षांचे होता आणि तुमच्या हातात फावडं दिलं, हे मला ठाऊक नव्हतं. ते देणाऱ्याने द्यायला नको होतं. पण ब्लेड तुम्ही त्रेसष्टाव्या वर्षी घेतलंत.

चिमीला सांगितलं. तिला भाऊ होता हे तिला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. ती माझ्यावर रागावली आहे, आणि तिचं बरोबर आहे. मी लपवलं. लाज मलाही वाटायची, भावोजी. मूल न राहिलेली बाई म्हणून. चिमी झाल्यावर लोकांना पहिली म्हणून सांगत सुटले. तुम्ही गोल खरवडलात, मी तर रेघच खोडून टाकली होती. म्हणून तुम्हाला फार बोलत नाही.

आता सांगते ते करा. टायरवाल्यांना तुम्ही स्वतः सांगा, समितीसमोर. चिठ्ठी पाठवून नाही. छप्पर गेलं तर जाऊ दे. गोल मात्र काढू नका. तुम्हीही नाही आणि दुसऱ्या कोणीही नाही. मी आल्यावर मी काढीन. अठराला सकाळच्या गाडीने येते आहे, चिमी बरोबर आहे.

आणि एक विचारते. खोल्या भरलेल्या म्हणून मला दुपारीच घरी आणून निजवलं होतं. त्या संध्याकाळी तुमचे दादा परत आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "झालं." मग जेवले. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. पुढे सदतीस वर्षं संसार केला, पण ते जेवण मी त्यांना कधी माफ केलं नाही. मला वाटायचं, ह्या माणसाला काही वाटलंच नाही. कुठे ठेवलं तेही मी विचारलं नाही, ते सांगतील म्हणून थांबले आणि ते गेले. आता सांगणारे तुम्ही एकटे उरलात. कुठे ठेवलंत?

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

परवा सभा घेतली आणि सांगितलं. सगळे जमले होते, टायरवाले पहिल्या खुर्चीत. मी उभा राहून सुरुवातीपासून सांगितलं, ब्लेडसकट. ते म्हणाले, "मी त्या रेघेवर माझ्या नातवाचा हात ठेवला होता." आणि उठून गेले. त्यांचा चेक आलेला नाही, येईल असं वाटत नाही. सुतारांनी अर्धेच वासे बसवलेल्या छपरावर ताडपत्री टाकली आहे. चिटणीसपद माझ्याकडून काढून घेतलं, ते घ्यायलाच हवं होतं. वर्गणी मागायला आता दुसरे जातात. मी रविवारी दाराशी चपला सरळ लावतो. ओळखीचे लोक माझ्याकडे न बघता आत जातात. इमारत राहील की नाही, मला सांगता येत नाही.

भिंतीला मी हात लावलेला नाही. पितळी चौकट परत पाठवली.

आता जागेचं. तुमचं पत्र आल्या दिवशी संध्याकाळी मी गेलो होतो. नदीच्या वरच्या अंगाला जुनं पंपघर आहे, त्याच्या मागचा माळ. पंपघराच्या मागच्या कोपऱ्यापासून सरळ चौदा पावलं आणि मग उजवीकडे सहा. मी त्या दिवशी मोजली होती. दादा म्हणाला होता, जागा लक्षात ठेव. पुढे चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, पण पहिली मोजलेली ती. तारीख गेली, पावलं राहिली. तिथे आता कोणी बांधलेलं नाही. धोब्यांनी खांब रोवून दोऱ्या बांधल्या आहेत, चादरी वाळत असतात. मी खूण केली नाही, उगाच लोक विचारतील. तुम्ही आल्यावर नेतो.

आणि दादाचं. तो लगेच परत आला नव्हता. दुपारी एकच्या सुमारास आम्ही माळावर पोचलो. मी खणून झालो तरी तो मूल खाली ठेवेना. मांडीवर घेऊन बसून राहिला, ऊन कलेपर्यंत. मी दोनदा म्हणालो, दादा, दे. तिसऱ्यांदा म्हणायचं धैर्य झालं नाही. तो रडत होता, आवाज न करता, आणि मुलाच्या अंगावरचं कापड सारखं सारखं नीट करत होता. परत येताना नदीवर तोंड धुतलं आणि मला म्हणाला, "तिला ह्यातलं काही सांगू नकोस. मी मोडलो असं कळलं तर ती उठायची नाही." घरी आल्यावर तो जेवला, कारण तुम्ही ऐकत होता हे त्याला माहीत होतं. मीही तिथे होतो. त्याने दोन घास खाल्ले आणि बाकीचं ताट माझ्याकडे सरकवलं.

मी त्याचं ऐकलं. तो गेल्यावर तरी सांगायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. खरं म्हणजे मला ते दिवस नको होते, म्हणून सगळंच बाजूला टाकून दिलं.

खाली ठेवायच्या आधी दादाने त्याला नावाने हाक मारली. दोनदा. तुम्ही दोघांनी ते नाव आधी ठरवलं होतं की त्याने एकट्याने, मला माहीत नाही. पण नाव मला आठवतंय. ते ह्या पत्रात लिहीत नाही. अठराला तुम्ही उतरलात की आधी माळावर जाऊ, आणि तिथे मी ते तुम्हाला सांगेन. सेहेचाळीस वर्षं ते माझ्याकडे राहिलं, ते तुमचं होतं.

दीर